पेला हलवा, अप्पच्चा

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा, पुढे वाचू नका. कुणाला पटवून मला काही मिळायचं नाही. पण हे घडलंय. ज्यांच्या बाबतीत घडलं ती माणसं अजून आहेत, आणि त्यातली एक रोज माझ्यासोबत ड्युटीला असते.

तिचं नाव रोसिली. गाव कोट्टयमजवळचं. ओमानात, निझव्याला, आम्ही एकाच वॉर्डात नर्स आहोत.

दिवस शुक्रवारचा, मार्च महिन्यातला. वेळ भर दुपारची. भुतं रात्रीच येतात असं ज्याने कुणी ठरवलं, तो वाळवंटात राहिला नसणार.

रोसिलीचे वडील त्या महिन्यात तिच्याकडे राहायला आले होते. पैली त्यांचं नाव, पण सगळे अप्पच्चनच, म्हणजे बाबाच, म्हणायचे. बोटीच्या धक्क्यावर त्यांचं चहाचं दुकान होतं, त्यात सगळा जन्म गेला. हल्ली मात्र विसरायला लागले होते. जेवून उठायचे आणि विचारायचे, जेवण कधी? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता हे वाढतच जाणार. म्हणून रोसिलीने हट्टाने बोलावून घेतलं. आपल्याला ओळखतायत तोवर त्यांना सगळं दाखवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

किल्ला झाला, खजुरांच्या बागा झाल्या. राहिले होते वाळूचे डोंगर.

जाताना गाडीत तिने त्यांना समजावलं. "अप्पच्चा, इथे कुणी कहवा, म्हणजे यांची कॉफी, दिला तर पेला इवलासा असतो. संपला की पुन्हा भरतात. पुरे झालं की तो असा हलवायचा. मनगटातून."

"आणि नाही हलवला तर?"

"तर ओततच राहतात."

"मग बरंय की! माझ्या दुकानात अशी पद्धत असती ना, तर आज मीच शेख असतो."

गाडी चालवत होता तिचा नवरा, बिजोय. तो खो खो हसला. "बरं, आता सांगा बघू अप्पच्चा, काय करायचं?"

"कशाचं काय करायचं?"

रोसिलीने तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

वाळू लागली तशी बिजोयने चाकांतली हवा कमी केली. अप्पच्चनने चपला काढल्या, कमरेची मुंडू लुंगीसारखी गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पोरासारखे टेकडीवर धावत सुटले. वरून ओरडले, "अरे, काय ही वाळू! आमच्याकडे नदीतून एक टोपली उचलली तर पोलीस येतात!"

तो फोटो मी पाहिलाय. इतका आनंदी म्हातारा तुम्हाला शोधून सापडणार नाही.

मग वारा सुटला.

आधी पायाशी सळसळ. मग क्षितिज पिवळं. बघता बघता आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकांच्या खुणा पुसल्या गेल्या. बिजोय कुठे वळला, कसा वळला, त्याचं त्यालाही सांगता येत नाही. काचेबाहेर नुसती वाळू. फोनला रेंज नाही.

आणि त्या वाऱ्यात...

टण्... टण्... टण्...

पितळेच्या खलात कुणीतरी काहीतरी कुटत होतं.

"वेलची कुटतोय कुणीतरी," अप्पच्चन म्हणाले. "तिकडे घे."

बिजोयने आवाजाच्या दिशेने गाडी घेतली. एक दगडी खोली दिसली, वर खजुराच्या झावळ्या. दारात एक म्हातारा उभा. पांढरा पायघोळ झगा, हातात काठी. जणू वाटच बघत होता. त्याने हात छातीवर ठेवला आणि त्यांना आत घेतलं.

आत पाऊल टाकलं... आणि वारा थांबला.

म्हणजे बाहेर तो चालूच होता. दारातून वाळू उडताना दिसत होती. पण ऐकू काही येत नव्हतं.

रोसिलीच्या ते तेव्हाच लक्षात आलं. बाकीही बरंच आलं. वाळवंटात राहणाऱ्या बदू टोळीवाल्याचं घर, पण शेळी नाही. उंट नाही. बायामाणसांची चाहूल नाही. चुलीत निखारे लाल होते, पण जवळ बसूनही धग लागत नव्हती.

म्हाताऱ्याने काही विचारलं नाही. नाव नाही, गाव नाही. त्यात नवल नाही, इथे पाहुण्याला विचारत नाहीतच. डाव्या हातात कहव्याची किटली, उजव्या हाताने तिघांनाही एकेक पेला पुढे. त्याने ओतलं...

ओतण्याचा आवाजसुद्धा आला नाही.

बिजोयने दोन पेले घेतले, तिसऱ्याला नीट हलवून परत दिला. अप्पच्चन मात्र रंगात आले. एक झाला, दुसरा झाला, पाचवा झाला.

"अप्पच्चा, पुरे!" रोसिलीने दबक्या आवाजात सांगितलं. "हलवा!"

"काय हलवू?"

"पेला! असा, असा!" तिने स्वतःचा हात हलवून दाखवला.

"अगं, माणूस इतक्या प्रेमाने देतोय. जन्मभर मी लोकांना पाजलं, मला कुणी असं समोर बसून पाजलं का? पुढे केलेला पेला नाही म्हणू नये, मोळे. करणाऱ्याच्या जिवाला लागतं."

मुलीला ते मोळे म्हणायचे. तिचा जीव विरघळला. मनात म्हणाली, पिऊ देत बापडे.

अचानक दारात ऊन पडलं. वादळ ओसरलं होतं. "चला, चला, पुन्हा सुटायच्या आत निघू!" बिजोयने घाई केली. रोसिलीने बापाला हाताला धरून उठवलं. त्यांनी पेला चटईवर ठेवला. तो भरलेला होता.

गाडी सुरू झाली. रोसिलीने मागे वळून पाहिलं.

म्हातारा बाहेर आला नव्हता.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. दुपारी मशिदीतून अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली. अप्पच्चन सोफ्यावर बसले होते. त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आणि दोन बोटं, मध्ये इवलीशी जागा. तो हात ओठांशी नेला... आणि घोट घेतला.

घशातली हालचाल रोसिलीने पाहिली. हातात काही नव्हतं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. "पोट भरलंय." दुसऱ्या दिवशीही तेच. रोज बांग झाली की हात पुढे. एक पेला, दोन, दहा... आठवड्याभरात गालफडं बसली. रोसिलीने माशांची मीन करी केली, कप्पा म्हणजे त्यांचा आवडता कंद उकडला, घास भरवायला बसली. ते तोंड फिरवायचे. आमच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. स्मृती जाते तशी भूकही जाते म्हणाले, सलाइन लावा.

पण सलाइन लावताना मी होते. त्यांच्या तोंडाला वेलचीचा वास येत होता. शर्टावर पिवळे डाग होते, कहव्यात घालतात त्या केशराचे. रोसिलीच्या घरात केशराची काडी नव्हती.

ती औषधांच्या कपाटाआड रडत होती, तेव्हा झुवैना आली. ही आमच्या वॉर्डातली निझव्याचीच मुलगी, जिभेने तिखट, मनाने लोणी. "रडून बाप बरा होतो का गं? काय झालं ते नीट सांग." रोसिलीने सगळं सांगितलं. झुवैना ऐकत होती. गोष्ट शेवटाला आली तसा झुवैनाचा चेहरा उतरला.

"तो निरोप द्यायला बाहेर आला नाही?"

"नाही."

"रोसिली, आमच्यात यजमान गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभा राहतो. तो आला नाही, म्हणजे पाहुणा गेलाय असं तो धरतच नाही. तुझा बाप अजून तिथेच बसलाय. पेला हलवला नाही ना त्याने!"

"मग मी त्यांचा हात धरून हलवते."

"तुझं काय काम? पाहुणा तो आहे. त्यानेच हलवायला हवा. आणि लवकर. एवढा कहवा पिऊन माणूस किती दिवस जगेल?"

त्या दुपारी रोसिली सुट्टी टाकून घरी बसली. बिजोयही होता. बांग झाली. बांग संपली...

टण्... टण्... टण्...

आवाज त्यांच्या स्वयंपाकघरातून येत होता. बिजोयने मला शपथेवर सांगितलं, तिकडे जायची त्याची छाती झाली नाही.

अप्पच्चनने हसून हात पुढे केला.

"अप्पच्चा, पेला हलवा!"

"हळू बोल, मोळे. तो समोर बसलाय."

"असू दे! पुरे झालं म्हणावं त्याला. हलवा!"

"नाही कसं म्हणू? किती प्रेमाने..."

रोसिली त्यांच्या पायाशी बसली. तिने मोठ्याने हंबरडा फोडला. "आणि माझं प्रेम? रोज ताट घेऊन मागे मागे फिरते, ते तुम्हाला दिसत नाही? त्याला नाही म्हणवत नाही, आणि मला रोज नाही म्हणता! मला तुम्ही हवे आहात, अप्पच्चा!"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून ओशाळं हसले...

आणि मनगट हलवलं.

स्वयंपाकघरातला आवाज थांबला.

"रोसिली," ते म्हणाले, "भूक लागलीय गं. काही केलं आहेस की नाही?" त्या दिवशी त्यांनी मागून मागून भात घेतला. तीही रडत रडत त्यांच्याच ताटात जेवली.

पुढच्याच आठवड्यात बिजोय त्यांना गावी पोचवून आला. संपलं, असं सगळ्यांना वाटलं.

गावाहून रोसिलीच्या आईचा फोन आला. "अगं, इथे शेजारी कुणी नवीन आलंय का? रोज उन्हं कलली की पितळेचा खल वाजतो. आणि हे बसल्या जागी हात पुढे करतात..."

रोज. तो रोज ओतायला येतो. आणि अप्पच्चनला रोज नव्याने नाही म्हणावं लागतं. विसरणाऱ्या माणसाला!

तेव्हापासून इथे अस्रची बांग झाली की रोसिली गावी फोन लावते. वॉर्डात आम्ही सगळ्या तिला तेवढी मोकळीक देतो.

"अप्पच्चा, पेला हलवा."

"कुठला पेला?"

"हातातला. असा. मनगटातून."

"हां, हां. हलवला."

मग ती फोन ठेवते आणि कामाला लागते. कधी तिला ते मोळे म्हणतात. कधी विचारतात, आपण कोण बोलताय? पण पेला हलवतात. तिला तेवढं पुरतं.

गेल्या मंगळवारी वॉर्डात गडबड होती. फोन लावायला तिला उशीर झाला.

आईने उचलला. "घाबरू नकोस, मीच आठवण केली. हलवला त्यांनी. फक्त आज काहीतरी वेगळंच बोलत होते."

"काय?"

"म्हणाले, आज त्याने दोन पेले आणलेत. मी विचारलं, दुसरा कुणाचा? तर म्हणाले... मोळेचा. तिचा राहिलाय."

रोसिलीने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

त्या खोलीत बिजोयने पेला हलवला होता, ते तिला स्वच्छ आठवतं. अप्पच्चनला शिकवायला तिने हात हलवून दाखवला, तेही आठवतं. पण तो हात रिकामा होता. तिचा स्वतःचा पेला खाली चटईवर होता, का हलवून परत दिला होता... भरलेला होता, का रिकामा...

ती रोज आठवून बघते. तिला आठवत नाही.

काल डबा खायला बसलो. तिने झाकण उघडलं, आणि पुन्हा लावलं.

"खात का नाहीस गं?"

"भूक नाही," रोसिली म्हणाली. "पोट भरलंय."