बाराव्या ग्रहाचे निर्लेखन

निर्लेखन समितीपुढे त्या दुपारी नऊ मोडक्या खुर्च्या, एक गळका वॉटर कूलर आणि एक ग्रह असे विषय होते.

खुर्च्यांवर पाऊण तास चर्चा झाली. कूलर गळतो की नुसता पाझरतो, याचा तांत्रिक अहवाल मागवायचे ठरले. ग्रहाला एरवी दीड मिनिट लागते. पण सदस्य सचिव डॉ. हेमलता खांडबहाले यांनी पेनाला टोपण लावले आणि म्हणाल्या, "सर, यावर मी सही करणार नाही."

संचालक डॉ. इंगवले यांनी घड्याळाकडे पाहिले. चहा यायची वेळ झाली होती.

वाघदरीच्या ग्रहशोध संस्थेची दुर्बीण अंतराळात होती, त्यामुळे संस्था जमिनीवर कुठेही चालली असती. म्हणून ती वाघदरीला निघाली. मंजुरी देणाऱ्या मंत्र्यांची ती सासुरवाड होती. 'चकोर' नावाची ती दुर्बीण छत्तीस वर्षे ताऱ्यांकडे टक लावून बसली होती आणि तिच्या नोंदींतून परक्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह हुडकायचे काम संस्था करी. ग्रह सापडला की यादीत जाई. सापडलेला ग्रह दिसेनासा झाला, तर सरकारी सामानाला जो नियम तोच त्यालाही: निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून खोडणे. फॉर्मसुद्धा खुर्चीचाच. 'वस्तूचा तपशील' या रकान्यात ग्रहाचा क्रमांक लिहायचा आणि 'निर्लेखनाचे कारण' या रकान्यात ठरलेले तीन शब्द: मूळ नोंद चुकीची.

समितीत नवे आलेले बागवान शेजारच्या लेसर विभागाचे. खुर्च्यांपर्यंत ते गप्प होते. आता त्यांना राहवेना.

"मॅडम, ग्रह दिसेनासा होतो म्हणजे नक्की काय होतं हो?"

"मुळात तो दिसतच नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "दिसतो तो तारा. लांबवर कंदील टांगलाय समजा. त्याच्यासमोरून चिलट गेलं तर चिलट दिसणार नाही, पण उजेड केसभर कमी होईल. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की तसंच होतं. त्याला अधिक्रमण म्हणतात. उजेडाचा आलेख काढला की त्यात खळगा पडतो, तो छायालेख. ठरावीक दिवसांनी तसाच खळगा तीनदा पडला, तर ग्रह आहे असं मानायचं."

"आणि तीनदा नाही पडला तर?"

"तर नाव कमी," संचालक म्हणाले. "शाळेच्या हजेरीसारखं. मॅडम, सही करा, चहा निवतोय."

"चहा अजून आलेला नाही, सर. आणि हा ग्रह मी साडेसहाशे वेळा पाहिलाय. दर एकोणीस दिवसांनी, पस्तीस वर्षं. यात मूळ नोंद चुकीची कशी?"

तो ग्रह हेमलताबाईंचाच होता. तेविसाव्या वर्षी, नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात त्यांना सापडलेला. यादीत 'चकोर-४१२ ब', पण त्या मनातल्या मनात त्याला चिंगी म्हणत. पृथ्वीएवढा आकार, बेताची ऊब, ढग, बहुधा पाणी. तो पहिला छायालेख त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. लोक तिथे देव किंवा नातवंडे ठेवतात. निवृत्तीला चार महिने उरले असताना चिंगी तीनदा गैरहजर राहिली होती.

"बरं, पुढच्या बैठकीत," असे म्हणून संचालक उठले. विषय पुढे ढकलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

हेमलताबाई तडक अभिलेख कक्षात गेल्या. निर्लेखित ग्रहांचे आजवरचे फॉर्म त्यांनी काढले. अकरा होते. अकरांवर सचिव म्हणून त्यांचीच सही होती, दोन-अडीच वर्षांतून एखादी, मोडक्या स्टुलांच्या मध्ये कुठेतरी. एकेक फॉर्म वाचताना काही वाटले नव्हते. टेबलावर ओळीने मांडले तेव्हा त्यांनी तपशिलाचा रकाना पुन्हा पहिल्यापासून वाचला.

अकराच्या अकरा ग्रह राहण्याजोगे होते. जळके नव्हते, वायूचे गोळे नव्हते. यादीत हजारो भिकार ग्रह पडले होते, ते सगळे आपापल्या कामावर वेळच्या वेळी हजर. गेले होते ते फक्त पाण्याचे.

मग त्यांनी अंतरे मांडली. सहा प्रकाशवर्षांवरचा आधी गेला. मग नऊवरचा, अकरावरचा, साडेचौदावरचा. आता चिंगी, साडेसतरा. जणू कुणीतरी मधोमध बसून, हात लांब करत करत, ताटातले निवडक घास उचलत होते. आणि त्या ताटाच्या मधोमध पृथ्वी होती.

तेवीस वर्षे आपण काय केले? अकरा जगे गेली आणि आपण लिहिले, मूळ नोंद चुकीची.

फॉर्म छातीशी धरून त्या लेसर विभागात शिरल्या. बागवान स्टुलावर बसून पेरू खात होते. सगळे ऐकल्यावर त्यांनी उरलेला पेरू कागदात गुंडाळून ठेवला.

"ग्रह खाणारं काही असेल असं वाटत नाही, मॅडम."

"मग खळगे कुठे गेले?"

"खळगा बुजवता येतो की." त्यांनी टेबलावरचा टॉर्च उचलला. "तुमचं चिलट कंदिलासमोर आलं. उजेड केसभर कमी झाला. त्याच वेळी चिलटानं तेवढाच उजेड स्वतः तुमच्या डोळ्यात मारला, तर? बेरीज सारखीच. तुम्ही म्हणणार, चिलट नाहीच. आमच्यात याला छायापूरण म्हणतात. कागदावरच आहे म्हणा; करायला घेतलं तर आपल्याला शंभर वर्षं लागतील."

"म्हणजे चिंगी जागेवर असेल?"

"चिंगी कोण?"

"चारशे बारा ब," हेमलताबाई घाईने म्हणाल्या.

"बघायला सोपं आहे. ताऱ्याच्या उजेडात सगळे रंग असतात. लेसरचा रंग एकच, सुईसारखा. गैरहजेरीच्या वेळेचे रंग तपासा. सुई दिसली तर लेसर."

चकोरकडे रंगांच्या नोंदी होत्या. कुणी उघडल्या नव्हत्या, कारण गैरहजर ग्रहाचे रंग कुठल्या फॉर्मात विचारलेले नव्हते. त्यांनी उघडल्या. चिंगीचे अधिक्रमण व्हायला हवे होते नेमक्या त्या क्षणी आलेखात एक बारीक हिरवी रेघ उगवली होती, दोन तास दहा मिनिटे टिकली होती आणि अधिक्रमण संपायला हवे तेव्हा विझली होती. तिन्ही वेळा. मग त्यांनी जुने अकरा उघडले. प्रत्येकात तीच रेघ.

हेमलताबाईंना हसू आले, मग डोळ्यांत पाणी आले. "आहे हो! आहे जागेवर! लबाड कुठली!"

बागवान हसले नाहीत. ते टॉर्चकडे बघत होते.

"मॅडम, एक सांगू? हा झोत बारीक असतो. सगळ्या दिशांना पाडायचा म्हटलं तर जवळजवळ दुसरा ताराच पेटवावा लागेल. त्यामुळं तो एकाच जागेवर रोखावा लागतो. कुणाच्या डोळ्यात टॉर्च मारायचा तर त्याचं तोंड कुठं आहे ते आधी ठाऊक पाहिजे."

"मग?"

"आपल्याला रेघ दिसली. म्हणजे झोत आपल्यावर रोखलाय. बाराही."

मग बागवानांनी फॉर्म पुढे ओढले आणि अंतराशेजारी प्रत्येक ग्रह गायब झाल्याची तारीख लिहू लागले.

"सहा प्रकाशवर्षं, तर बारा वर्षं. नऊ, तर अठरा. साडेसतरा, तर पस्तीस. बरोबर दुप्पट, मॅडम. जायला निम्मी, यायला निम्मी. इथून काहीतरी निघालं, उजेडाच्या वेगानं त्यांच्यापर्यंत गेलं, आणि त्यांनी दार लावून घेतल्याचं आपल्याला तेवढ्याच वेळानं दिसलं. कुणाचीही तारीख घ्या आणि तेवढं मागं जा, निघाल्याचा दिवस एकच येतो. त्या दिवशी इथं काय होतं?"

हेमलताबाईंनी तारीख दोनदा वाचली.

"संस्थेचा पहिला वर्धापनदिन."

त्या दिवशी मांडव होता, नारळ होता आणि एक लाल बटण होते. मंत्रिमहोदयांनी ते दाबले आणि तोवर सापडलेल्या चौदा राहण्याजोग्या ग्रहांकडे रेडिओ संदेश गेले. पुढे तसा पंधरावा कधी सापडलाच नाही. ज्याला त्याला त्याचा त्याचाच. आत मजकूर फारसा नव्हताच, दोन चित्रे होती. एक त्या ग्रहाचा छायालेख: आम्ही तुम्हाला पाहिले. दुसरा पृथ्वीचा छायालेख, तो जिथून दिसेल त्या दिशांसकट: हे आम्ही. दोन्ही आलेख काढायचे काम नवशिक्या खांडबहाले मॅडमकडे होते. त्यांनी ते फार सुबक काढले होते.

दोघे संचालकांच्या दालनात गेले. इंगवले यांनी सगळे शांतपणे ऐकले. मग ते दुखावले गेले.

"म्हणजे आपल्यापासून लपतात? आपण नमस्कार केला हो!"

"आपल्यापासून नाही, सर," हेमलताबाई म्हणाल्या. जिना चढताना त्यांना ते उमगले होते. "त्यांचा छायालेख आपणच त्यांना पाठवला. म्हणजे ते आपल्याला ठाऊक आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. ज्याच्या वहीत आपला पत्ता आहे त्याला बघून कुणी दाराआड लपत नाही. उपयोग काय?"

"मग कुणापासून?"

"ज्याच्याकडे पत्ता नाही त्याच्यापासून. आणि तो इथून बघणार आहे, सर. आपण आहोत तिथून. म्हणून झोत इकडे."

संचालकांनी खिडकीकडे पाहिले. बाहेर चिंचेखाली दोन कारकून सुपारी कातरत बसले होते. आकाश निळे होते. त्यात काही नव्हते.

"आमच्या गावाकडं," बागवान हळू आवाजात म्हणाले, "रानात वाघ फिरत असला की कुणी हाळीला ओ देत नाही. एखादा नवखा ओरडलाच, तर शहाणा माणूस आडोसा धरतो. आणि तोही हाळी जिथून आली त्या अंगाला. वाघ तिकडंच येणार."

"हे सगळे तर्क झाले," संचालक म्हणाले.

"एक गोष्ट तर्क नाही," बागवान म्हणाले. "सहा प्रकाशवर्षांवरच्यांनी निरोप पोचल्यावर पहिल्याच अधिक्रमणाला झोत लावलाय. पंधरा दिवसांत. इतकं अवजड यंत्र पंधरा दिवसांत बांधून होत नाही, सर. ते बांधून, तेलपाणी करून तयार ठेवलेलं होतं. बाराही ठिकाणी. त्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदा आलेली नाही."

"मग आपणही लपू! तुमच्याकडे लेसर आहे की, बागवान. लहान तर लहान!"

"कुठं रोखू, सर? त्यांना दिशा आपण सांगितली. आपल्याला कोण सांगणार?"

चहा आला. कुणी कपाला हात लावला नाही. इंगवले यांनी उभ्या आयुष्यात कुठल्या विषयाचा निर्णय त्याच दिवशी घेतला नव्हता. आता पुढे ढकलायला त्यांच्याकडे काही नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

हेमलताबाईंनी चिंगीचा फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचे टोपण काढले.

"तुम्ही तर सही करणार नव्हता," संचालक म्हणाले.

"जगातल्या बाकीच्या संस्था दर सोमवारी आपल्या यादीवरून त्यांची यादी दुरुस्त करतात. इथून नाव गेलं की सगळीकडून जातं. जो येईल त्याला ताऱ्यांकडे बघून काही दिसणार नाही, ती सोय त्यांनी केलीय. पण आपली वही उघडली तर?" त्या क्षणभर थांबल्या. "पत्ते फोडले आपण. निदान पुसू तरी."

'निर्लेखनाचे कारण' या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: मूळ नोंद चुकीची. तेवीस वर्षे हे शब्द त्यांनी खरे समजून लिहिले होते आणि ते खोटे होते. आज पहिल्यांदा त्यांनी ते खोटे म्हणून लिहिले. त्या चौदांपैकी शेवटचे दोन ग्रह अजून दिसत होते. त्यांचे दार लागल्याचे इथे कळायला काही वर्षे होती. त्यांचेही फॉर्म त्यांनी भरले, तीन-तीन खोट्या गैरहजेऱ्या लावून. संचालकांनी न वाचता सह्या केल्या. ती त्यांची नेहमीचीच पद्धत होती, पण आज डोळे मिटलेले होते.

मग हेमलताबाई आपल्या खोलीत गेल्या. टेबलाची काच उचलली, छत्तीस वर्षांपूर्वीचा कागद काढला, त्या इवल्याशा खळग्यावरून एकदा बोट फिरवले आणि तो कागद कापायच्या यंत्रात घातला.

इतिवृत्ताला जोडायला सुधारित यादीची प्रत लागते. बागवानांनी 'राहण्याजोगे ग्रह' हे पान छापून आणले. एकेकाळी पंधरा ओळींचे असलेले पान आता एका ओळीचे होते. अनुक्रमांक शून्य, पृथ्वी, शेरा: तुलनेसाठी.

"हीपण खोडायची का, मॅडम?" बागवानांनी विचारले.

हेमलताबाईंनी पेन उचलले आणि परत ठेवले. तिथे खोडून काही उपयोग नव्हता. ही यादी जो कुणी वाचेल, तो तिच्यावर उभा राहूनच वाचणार होता.