एकहात्याचा उजवा हात

सकाळचं ऊन त्या खोलीत कधी घाईने येत नसे. आधी डावीकडच्या खिडकीची काच फिकट होई, मग गजांच्या सावल्या जमिनीवरून सरकत टेबलाच्या पायाशी येऊन थबकत. तिथून ऊन वर चढे. दौतीच्या काचेत निळा ठिपका पेटे, कोऱ्या कागदावर क्षणभर सोनं पसरे, आणि शेवटी ते टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात स्क्रूने आवळलेल्या दिव्यापाशी पोहोचे. मग दिव्याची वाकलेली मान भिंतीवर एखाद्या तहानलेल्या जनावरासारखी उमटे.

चित्रकार रोज हे पाहत बसे. आज मात्र ती सावली त्याला बघवेना. भिंतीलगतचं कपाट उघडं होतं आणि त्याचा खालचा खण रिकामा होता.

तीस वर्षं तो एकाच नायकाची चित्रकथा काढत आला होता. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या पुराणात टीर नावाचा देव आहे. देवांना लांडग्याला बांधायचं होतं, तेव्हा विश्वासाची खूण म्हणून त्याने आपला उजवा हात लांडग्याच्या जबड्यात ठेवला आणि गमावला. चित्रकाराने त्या देवाला आजच्या शहरात आणून सोडलं. वाचक त्याला एकहात्या म्हणू लागले. हात कसा गेला, ते सांगणं मात्र त्याने शेवटच्या अंकासाठी राखून ठेवलं होतं.

परवा त्या अंकाची मूळ पानं नाहीशी झाली, आणि त्यांच्याबरोबर गेल्या वर्षभराच्या अंकांचीही. टेबलावर एकच पान मागे राहिलं होतं. त्यावर लांडग्याचा मिटत आलेला जबडा होता आणि त्यात मनगटापर्यंत गेलेला हात.

"हे मुद्दाम ठेवलंय. माझ्या उजव्या हातावर कुणाचा तरी डोळा आहे," तो म्हणाला.

चोरीचा छडा लावायला त्याने बोलावलेल्या तपासनीस बाईंनी ते पान खिडकीशी नेलं. छायेसाठी मारलेल्या बारीक तिरकस रेघा त्यांनी बराच वेळ न्याहाळल्या. एके ठिकाणी शाई किंचित फरपटली होती.

"हे तुम्हीच काढलंत?"

"माझ्याशिवाय कोण काढणार?"

बाईंसोबत त्यांचे दीर आले होते. त्यांना सगळे भाऊजीच म्हणत. वरच्या खणातली जुनी पानं चाळताना पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ हाती लागताच त्यांनी शीळ घातली. संग्राहक यासाठी घर विकतील, असं ते म्हणाले. बाईंनी ते पानही उजेडात धरलं आणि जागच्या जागी ठेवलं.

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: चित्रकाराचा मेहुणा, अक्षरकार आणि चित्रकाराची मुलगी. रंग भरणाऱ्या मेहुण्याने सरळ कबूल केलं, की मूळ पानं विकून टाका म्हणून तो दाजींच्या मागे लागला होता. पण नेलीच असती तर वरचा खण सोडून खालचा कशाला रिकामा केला असता? अक्षरकार पंधरा वर्षं फुग्यांतले संवाद लिहीत होता. महिन्यापूर्वी त्याचं आणि चित्रकाराचं बिनसलं होतं. आता एकहात्याला विसावा द्या, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. आज तो मान खाली घालून बसला.

"मी नेली नाहीत. याच्यापुढे मला काही बोलायचं नाही," एवढंच तो म्हणाला.

मुलगी चहा घेऊन आली. वडिलांच्या हातात तिने नेहमीसारखा अर्धाच कप दिला. छापखान्यात पानं पोचवायचं काम तिचं. बाईंनी विचारल्यावर तिने प्रकाशकाचं पत्र काढून दाखवलं. अंक निघाला की वर्षभराची मूळ पानं छापील पानांशेजारी प्रदर्शनाच्या दालनात मांडायची होती. पत्र चोरीच्या आदल्या दिवशी आलं होतं.

"आणि पोलिसांत द्यायचा अर्ज?"

अर्जात अक्षरकाराचं नाव होतं. चष्मा सापडत नाही म्हणून चित्रकाराने तो मुलीला सांगून लिहवला होता. काल तो कुठेतरी हरवला, म्हणून आज सकाळी पुन्हा लिहवला. ओळीओळीवरून शाई पुसटशी फरपटली होती. सही तेवढी राहिली होती.

"वहिनी, सरळ तर आहे," भाऊजी हळूच म्हणाले. "भांडण याचं, किल्ली याच्याकडे, आणि गप्पही हाच."

"तुम्हाला सगळंच सरळ दिसतं भाऊजी, म्हणून तर दारावर आपटता."

बाईंनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं.

"पहिल्या अंकाच्या छायेतल्या रेघा पाहा. वरची टोकं उजवीकडे झुकलीत. उजव्या हाताची रेघ आपोआप तशी पडते. लांडग्याच्या या पानावर ती डावीकडे झुकलीत. दिवा पाहा. उजव्या हाताने काढणारा दिवा डावीकडे ठेवतो, नाहीतर हाताची सावली कागदावर पडते. हा उजवीकडे आहे. या टेबलाशी रात्री बसणारं माणूस डावखुरं आहे. त्याचा तळवा ओल्या शाईवरून फिरतो. या पानावर फिरला, तसाच अर्जावरही फिरला."

मुलीने डावा हात पदराखाली घेतला. करंगळीच्या कडेची शाई तरीही दिसली.

"पण पोरगी पानं चोरेल कशाला?" भाऊजींना अजून उलगडेना.

"चोरली नाहीत, लपवली. वर्षभर ती वडिलांची पानं खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवून नव्याने गिरवते आणि आपली प्रत छापखान्यात देते. मूळ पानं कपाटात परत जातात. पण दालनात दोन्ही शेजारी लागली असती, तर जगाला फरक दिसला असता. हे पान म्हणजे तिची अर्धी राहिलेली प्रत. घाईत इथेच राहिली. अक्षरकारांना हे रेघांवरून केव्हाच कळलं होतं. म्हणून तर ते चोरीचा आळ अंगावर घेऊन गप्प बसलेत."

"मी सही होऊ दिली नसती बाबा," मुलगी म्हणाली. "कालचा अर्ज मीच फाडला. पानं माझ्या गादीखाली आहेत."

चित्रकार हसला. ते हसू त्याचं त्यालाच परकं वाटलं. थंडीने बोटं जरा आखडतात, तो म्हणाला; छपाईत रेघ सुधारतेच, सगळ्यांचीच सुधारते. छापील अंक तो वर्षभर उघडून पाहत नव्हता, पण त्यामागे काही कारण नव्हतं.

बाईंनी अर्ज त्याच्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

"मग करा सही. मी चुकले असेन, तर हा माणूस आजच आत जाईल."

त्याने अक्षरकाराकडे पाहिलं. पंधरा वर्षांचा सोबती खिडकीबाहेर बघत होता, जणू तिथे काही महत्त्वाचं चाललं होतं. चित्रकाराने पेन उचललं. निब कागदाला टेकलं आणि टकटक वाजू लागलं, बंद दारावर कुणी नखाने वाजवावं तसं. त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट धरलं. टकटक थांबली नाही.

मुलीने पुढे होऊन पेन काढून घेतलं. त्याने ते जाऊ दिलं, आणि लांडग्याचं पान स्वतःकडे ओढून पहिल्यांदाच नीट पाहिलं. रेघ सुंदर होती. निर्भय होती.

"फाडा तो अर्ज," तो अक्षरकाराला म्हणाला. "आणि या पानाखाली हिचं नाव लिहा. वर्षभरात छापलेली एकही रेघ माझी नाही."