वाघळांच्या घळीतली भरती

आम्ही तिघं घळीत शिरलो ते एका वटवाघळासाठी. एकाच! त्याला पकडायचं, मोजायचं, पंखाच्या पडद्यातून तिळाएवढा तुकडा घ्यायचा आणि सोडून द्यायचं. त्या तिळावर सगळी घळ तगणार होती.

हेरी मादागास्करहून आलेला. त्याच्या देशातल्या गुहांत चपट्या नाकाची एका जातीची वटवाघळं राहतात. वेदिकानं आमच्या घळीतल्या वाघळाचा फोटो पाठवला, तेव्हा तो म्हणे खुर्चीतून उठलाच. मध्ये एवढा समुद्र, मग भावकी दोन्ही काठांवर कशी? सहा देशांतली माणसं मिळून हे कोडं सोडवत होती. वेदिका रत्नागिरीचीच, पुण्यात वटवाघळांवर संशोधन करते. जात दुर्मीळ आहे असं सिद्ध झालं, तर घळीला हात लावू नका असा अर्ज ती करणार होती. कारण गावानं ठरवलं होतं, रविवारी ग्रामसभा आणि सोमवारी घळ बंद. वाघळं रोग आणतात असं प्रत्येकाच्या फोनवर आलेलं.

आणि मी? चौऱ्याहत्तर वर्षांची निवृत्त शिक्षिका. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळपठारावरून, घळीत उतरायचं भोक गावातल्या श्यामच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत, आणि त्यानं फाटकाला कुलूप घातलेलं. गावात कुणी होडी देईना. मिरकरवाड्याच्या बंदरातही विचारलं, घळीचं नाव काढताच माणसं जाळी आवरायला लागली. राहिली किनाऱ्यावरच्या खडकांची, खडपांवरची पायवाट. ती फक्त मोठ्या ओहोटीला उघडते. लहानपणी आईबरोबर कालवं फोडायला मी त्याच वाटेनं जायची. टोपली माझ्या डोक्यावर, कोयती तिच्या हातात. ती वाट जाणणारी आता मी एकटीच उरले होते.

भरतीचा हिशेबही आईचाच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुढे शाळेत मी पोरांना पाऊणकी घोकून घेतली ती याच हिशेबासाठी. एकादशीचा उपास धरून मी दिवस मोजले होते. आज चतुर्दशी. चौदा पाऊण साडेदहा. सकाळी साडेदहाला भरती, म्हणजे दुपारी साडेचारला पूर्ण ओहोटी.

"आजी, फोनवर पावणेचार दाखवतंय," वेदिका म्हणाली.

"फोन कधी आपल्या खडपावर आलाय का? चल पुढे!"

ती हसली आणि चालू लागली. ही माझी चूक.

वाट आता माझ्या ओळखीची नव्हती. शेवाळ, धारदार कालवं, आणि कुठेकुठे खडपच फुटून गेलेलं. हेरी दोनदा घसरला, त्याच्या गुडघ्यातून रक्त आलं. वरच्या कड्यावरून कुणी तरी आमच्यावर दगड भिरकावला. कोण ते दिसलं नाही. "मरा तिथंच!" एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

चारला आम्ही घळीच्या तोंडाशी पोहोचलो. मास्क, हातमोजे चढवले. दहाबारा हात ओणवं होऊन सरपटलो आणि आत उभे राहिलो. उग्र दर्पानं डोळ्यांतून पाणी आलं. वर काळं छत हलत होतं. हजारो वाघळं! जांभ्याच्या प्रत्येक खळग्यात लटकलेली, एकमेकांना चिकटलेली. मागच्या बाजूला ढासळलेल्या दगडांचा चढ थेट छतापर्यंत जात होता. त्याच्या माथ्यावर सड्याचं भोक. लहानपणी तिथून उन्हाचा पट्टा खाली यायचा, आणि आई म्हणायची, देवानं काठी सोडली बघ.

आज पट्टा नव्हता. ढग असतील, असं वाटलं.

हेरीनं लांब दांड्याची जाळी हळूच उचलली. एक झडप, आणि वाघूळ हातात! वेदिकानं वही काढली. हेरीच्या डोळ्यांत असा आनंद मी पहिलीतल्या मुलाच्या डोळ्यांतच पाहिलाय. त्यानं पंख उलगडला. मग त्याचा हात थांबला.

पोटाला एक पिल्लू चिकटलेलं होतं. उघडं, गुलाबी, बोटाच्या पेराएवढं.

"ही घाबरली तर पिल्लू टाकेल, हेरी म्हणतो," वेदिका पुटपुटली. "दुसरी बघायला हवी."

तेवढ्यात माझ्या पायाला गार लागलं.

पाणी! मी घड्याळ पाहिलं. साडेचारही झाले नव्हते. आता समुद्र आत कसा? एक लाट त्या सरपटायच्या बिळातून धाडकन आली. उपकरणांची पेटी उलटली. वेदिका तिच्यामागे धावली. दुसरी लाट! पेटी गेली. वेदिका कमरेपर्यंत पाण्यात. हेरीनं एका हातानं तिला ओढलं, दुसऱ्या हातात ती वाघूळ तशीच छातीशी धरलेली.

परतीची वाट बुडाली होती.

"वर!" मी ओरडले. "चढावर! भोकातून बाहेर!"

त्या चढावर माझे गुडघे किती वेळा टेकले, सांगता येत नाही. हेरी पुढून ओढत होता, वेदिका मागून ढकलत होती. माथ्यावर पोहोचलो आणि वर हात लावला. दगड! जांभ्याचे चिरे, एकाला एक लावून बसवलेले. भोक बुजवलं होतं. मधे फक्त वीतभर फट, आणि त्या फटीतून धूर आत येत होता.

गावानं रविवारपर्यंत वाट पाहिली नव्हती.

खाली पाणी, वर धूर! वाघळं सुटली. तोंडावर, केसांत, मानेवर पंखांचे फटके. हेरी खोकत होता. त्यानं हातातल्या वाघळीकडे एकदा पाहिलं. एक चिमटा, तिळाएवढा तुकडा, दोन क्षणांचं काम. त्यासाठी तो अर्धं जग ओलांडून आला होता. त्यानं मूठ उघडली. वाघूळ पिल्लासकट फटीकडे झेपावली आणि बाहेर गेली.

मी फटीला तोंड लावलं. "आत माणसं आहेत! कोण आहे रे वर? आग विझव, मेल्या!"

वरून आवाज आला, "बाई?"

श्याम! चौथीत माझ्या वर्गात होता तो.

"चिरे काढ, श्याम!"

"तुम्ही आत कशा? फाटकाला तर कुलूप हाय!"

"मेल्यावर सांगते! काढ आधी!"

चिरे सरकले. हात आत आला, आधी मला ओढलं, मग वेदिकाला, मग हेरीला. आम्ही गवतात पडून खोकत राहिलो. शेजारी नारळाच्या सोडणांचा ढीग धुमसत होता. श्यामनं त्यावर बादली ओतली. मग बादली आपटून तो आमच्यावर चिडला.

"मेला असतात तर पोलिसांना मी काय सांगायचा? आणि हा गोरा ना काळा कोण बाहेरचा? याला विचारा, या वाघळांत रोग हाय का नाय?"

वेदिकानं इंग्रजीत विचारलं. हेरीनं उत्तर दिलं. ती श्यामला म्हणाली, "नाही म्हणतो."

मला इंग्रजी कळतं. "वेदिका," मी म्हटलं. "नीट सांग."

ती भिजलेली बाही पिळू लागली. मग मीच सांगितलं, "तो म्हणाला, मला माहीत नाही. तपासायला आलो होतो, सामान वाहून गेलं. घळीत शिरू नका, त्यांना हात लावू नका, धूर तर मुळीच करू नका; बिथरली की ती गावभर होतील."

श्याम हेरीकडे बघत राहिला. "माहीत नाय म्हणतो? फोनवर तर सगळ्यांना माहीत हाय." मग माझ्याकडे वळला. "आणि भरतीत शिरलात कशा? तुम्ही?"

"आज चतुर्दशी धरली."

"त्रयोदशी हाय, बाई. एकादश्या दोन नाय आल्या? पहिली स्मार्त, दुसरी भागवत. तुम्ही पहिलीपासनं मोजलंत. तेरा पाऊण?"

"पावणेदहा," मी म्हटलं. साडेचार नव्हे, पावणेचार. फोन बरोबर होता.

"चौथीत तेरा पाऊण चुकलो म्हणून तुम्ही मला छडी मारलीत. अजून आठवतंय."

मी हात पुढे केला. तळवा वर. "मार."

तो हसला नाही. हाताकडे पाहिलं, थुंकला, आणि म्हणाला, "घरी जा. कपडे भिजलेत."

पण चिरे त्यानं परत लावले नाहीत. सूर्य बुडाल्यावर उघड्या भोकातून वाघळं निघाली. काळी दोरी उलगडावी तशी, कलमांवरून समुद्राकडे. आम्ही चौघं बघत उभे होतो.

हेरी रिकाम्या हातानं परत गेला. रविवारी ग्रामसभेत श्याम म्हणाला, भोक माझ्या बागेत, चिरे माझे, कधी लावायचे ते मी बघीन. त्यावर बरीच शिवीगाळ झाली. आजही गावात माझ्याशी निम्मी माणसं बोलत नाहीत.

श्याम बोलतो. रोज तिन्हीसांजेला त्याचा फोन येतो. "बाई, तुमची भुतं निघाली. सहा बावन्न." आणि खाडकन ठेवून देतो. मी ते वहीत लिहिते, महिन्याच्या शेवटी वेदिकाला पाठवते, तिथून ते मादागास्करला जातं. काल भुतं दोन मिनिटं उशिरा निघाल्याचं सांगून तो फोन ठेवायचा विसरला. थोड्या वेळानं विचारलं, "त्या मादागास्करवाल्याकडची किती वाजता निघतात वो?"