श्वासाचं भोक

खोटं वाटत असेल, तर आमच्या कुंभारांच्या गावी, आमातेनांगोला या आणि माझ्या चुलतभावाच्या ओसरीत सांजवेळी घटकाभर बसून बघा. मी बसलोय. पुन्हा बसणार नाही.

पाऊस सरला होता. मृतांचा सण तोंडावर आलेला. त्या दिवशी ऊन कलताना माझी वहिनी सिमोना अंगणात मातीचा जग्वार रंगवत होती. शेत नांगरताना जुनी खापरं वर येतात, त्यांवर असतो तस्साच... दात विचकलेला, अंगभर ठिपके.

फक्त डावा कान तिने अर्धा तुटका केला होता. नवऱ्याचा होता तसा.

"हा मी का गं?" अगापितो हसला.

"नाहीतर कोण? तू जन्मलास तेव्हा दाईनेच सांगितलं होतं ना, डोंगरातला जग्वार तुझा जोडीदार, त्याचा जीव तो तुझा जीव म्हणून? घोरतोसही तसाच!"

पोकळ मूर्तीच्या पोटाखाली एक भोक ठेवतात. नाहीतर भाजताना आत कोंडलेली हवा मूर्ती फोडते. सिमोनाने ओल्या मातीचा अंगठा त्यावर फिरवला.

"घे. आता घोर बघू!"

दोघं पोट धरून हसली. तेवढ्यात तिची सासू मेलचोरा लाकडांची मोळी घेऊन आली. मूर्तीभोवती लाकडं रचायच्या गडबडीत भोक तसंच बुजलेलं राहिलं.

जाळ पेटला. अगापितो आत जाऊन आडवा झाला.

थोड्या वेळाने सिमोनाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं...

घोरणं ऐकू येत नव्हतं.

"आज गुपचूप झोपलाय," ती म्हणाली.

म्हातारी थबकली. "सिमोना... भोक ठेवलंस ना गं?"

सिमोना घरात धावली. अगापितो जमिनीवर तडफडत होता. तोंड उघडं. चेहरा काळानिळा.

"त्याला काय बघतेस? जाळाकडे पळ!" म्हातारी ओरडली.

सिमोनाने पेटती लाकडं उधळली आणि लोखंडी सळई जग्वारच्या पोटात खुपसली.

आतून एक उसासा बाहेर पडला... लांबलचक. माणसासारखा.

आणि घरात अगापितो खोकला.

तो जग्वार विकायची किंवा फोडायची कुणाची छाती झाली नाही. ओसरीच्या कोपऱ्यात तो बसून राहिला. अगापितोही पुढे बरीच वर्षं जगला. गेल्या साली तापाने गेला. मी स्वतः खांदा दिला.

पुरून परत आलो, हात धुतले, कॉफी घेतली. आणि ओसरीतून...

घोरणं.

लोक कप तसेच टाकून उठले. सिमोना एकटीच बसून राहिली.

परवा न राहवून मी तिला म्हटलं, "वहिनी, बुजवा ते भोक. सुटू दे त्याला."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते.

"एकदा बुजवलं होतं, भाऊजी. केवढा तडफडला होता तो! आता बुजवलं, तर तो सुटेल... की पुन्हा गुदमरेल? सांगा ना."

मी कोपऱ्याकडे पाहिलं.

तिथलं घोरणं थांबलं होतं... कुणीतरी जागं होऊन आमचं बोलणं ऐकत असावं तसं.