लाल दिव्यानंतरच्या पन्नास चाली

सांगलीच्या बुद्धिबळ संशोधन-मंदिरात, प्रयोगशाळेच्या काचेपलीकडे मांडलेल्या पटावर, एकतिसाव्या चालीला, डाव वाचण्याची आशा असेपर्यंत हिरवा राहणारा यंत्राचा पराजयदीप लाल झाला. शिष्टाचाराप्रमाणे देवाप्पा मगदूम यांनी एका मिनिटात आपला राजा आडवा करून हार मान्य करावयास हवी होती. मिनिट सरले. देवाप्पांनी चष्मा पुसला आणि एक प्यादे पुढे सरकविले.

"मास्तर, दिवा दिसंना काय वो? नंबर वाढला वाटतं!" प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले आणि हशा पिकला.

पटावर मोजके मोहरे उरल्यावर काय करावे, हा 'अंतिम डाव' नावाचा एकच विषय देवाप्पा तीस वर्षे शिकवीत आले होते. परंतु लाल दिव्यानंतर आता कोणी खेळतच नसे. म्हणून संशोधन-मंदिराच्या मंडळाने तो विषय बंद करण्याचे योजिले होते. देवाप्पांच्या विनंतीवरून एकच अट ठेवली गेली: लाल दिव्यानंतर एक डाव वाचवून दाखवावा, अन्यथा उद्या वर्गाला कुलूप. समोर बसली होती राज्यविजेती मृण्मयी पडळकर, वय चोवीस. तिच्याकडे एक घोडा अधिक होता.

काचेअलीकडे पंच उपाध्ये येरझारा घालीत होते. पराजयदीपाच्या निर्मात्या डॉ. आरवाडे यांना ते म्हणाले, "बाई, म्हाताऱ्याची शोभा होतीय. तुमचं यंत्र आशा शून्य दाखवतंय ना?"

"शून्यच. पण यंत्र चाली मोजत नाही, उपाध्ये. अशा स्थितीत सापडलेल्या माणसांचं पुढं काय झालं, ते नोंदींत शोधतं."

"मग काय झालं त्यांचं?"

"हरले."

"कसे हरले?"

डॉक्टरांनी यंत्राला शिकविलेल्या डावांचा अनुभवसंच उघडला. एकेका वर्षाच्या नोंदी त्या खाली सरकवीत गेल्या.

"राजा आडवा करून," अखेरीस त्या म्हणाल्या. "बारा वर्षांत नऊ लाख वेळा दिवा लाल झाला. त्यापुढं एकही डाव खेळला गेला नाही. आपण प्रत्येक वेळी 'पराभव' लिहिलं आणि दरवर्षी तेच यंत्राला शिकवलं. पहिल्या वर्षी दिवा सरासरी सत्तेचाळिसाव्या चालीला लाल व्हायचा. आता एकतिसाव्याला होतो."

"म्हणजे दिवा खोटं बोलतोय?"

"नाही हो. त्यानं शेवट कधी पाहिलाच नाही."

पटावर दोन तास लोटले होते. देवाप्पांनी एकेक मोहरा बदलून टाकला, आणि शेवटी आपला हत्ती देऊन मृण्मयीचे अखेरचे प्यादे मारले. आता त्यांच्याकडे केवळ राजा. तिच्याकडे राजा, उंट आणि घोडा. येथून मात निश्चित होते, परंतु पन्नास चालींच्या आत व्हावी लागते. आणि तीही उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच. तिचा उंट काळ्या घरांचा होता. देवाप्पांचा राजा पांढऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला.

"मास्तर, आता तरी सोडा की," मृण्मयी हळूच म्हणाली.

"मात द्या ना. मी कुठं पळून चाललोय? घरं चौसष्टच आहेत."

घोडा इकडे गेला, तिकडे गेला. हा शेवट तिने कधी खेळला नव्हता. येथवर तिला कोणी येऊच दिले नव्हते. पन्नासावी चाल झाली. डाव बरोबरीत सुटला आणि वर्ग वाचला.

डॉ. आरवाडे बाहेर आल्या. "मास्तर, मी सोडून दिलेले डाव नोंदींतून काढले. आता या स्थितीचा एकच डाव उरतो, तुमचा. यापुढं इथं दिवा हिरवा लागेल."

"ते पण चूकच की वो, बाई. एका डावावरनं काय कळतंय?" देवाप्पा म्हणाले.

मृण्मयी अजून पटाकडेच पाहत होती. "मास्तर, वर्ग किती वाजता असतो?"

"सकाळी साडेसातला. डोकं ताजं घेऊन यायचं."

तीन आठवड्यांनी वर्गात देवाप्पांच्या एकट्या राजासमोर उंट-घोड्याची तीच स्थिती मांडली गेली. पटाशेजारी दिवा हिरवागार होता. मृण्मयीने घोडा उचलून नेमक्या घरात ठेवला, आणि काळ्या कोपऱ्याची वाट सोडून राजाच्या बाकी सर्व वाटा बंद झाल्या. देवाप्पांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मात व्हावयास अजून चौदा चाली होत्या.

"आलं तुम्हाला," ते म्हणाले, आणि त्यांनी आपला राजा आडवा केला.