एका कोयत्याची दोन मतं

२०२२ साल होतं ते. पितरांचा पंधरवडा सरत आला होता आणि तेलगावच्या बाजारात लोहाराच्या पालापुढं कोयत्यांचा ढीग पडला होता. दसरा झाला की गावंच्या गावं ऊसतोडीला निघणार. त्याआधी ज्याला त्याला आपला कोयता पाजळून हवा होता. कोळशाचा वास, भात्याची फुसफुस, पाण्यात बुडणाऱ्या तापल्या लोखंडाची चुरचुर... त्या गर्दीतून शिवकन्येनं आपला कोयता उचलला आणि थोडं पुढं जाऊन थांबली. मूठ हाताला ओळखीची लागेना.

"तो माझा हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "आन् माझ्या हातात तुमचा आलाय. म्हणलं, ह्यो कोयता हाय का लेकरांचं खेळणं?"

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, बाह्या दुमडलेला एक जण उभा होता. तिच्या जुन्या निळ्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली मूठ त्यानं डाव्या हातात धरली होती.

"त्याच खेळण्यानं गाडी भरती मी," ती म्हणाली. "तुमच्या मुठीला तर घाम लागलेला दिसत न्हाई. ऊस तोडता का नुसता कोयता मिरवता?"

तो हसला. चिडला नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं.

"दोन सालं संघटना उभी करायला हिंडतोय. मिरवतो म्हणा."

कोयत्यांची अदलाबदल झाली. बोटांना बोटं लागली नाहीत, पण लागतील की काय म्हणून दोघांनीही हात जरा जास्तच जपून पुढं केले.

तो नवनाथ. आश्रुबांचा मुलगा. तोडकऱ्यांच्या हक्कासाठी ज्यांनी उभी हयात मोर्चे काढले, ते आश्रुबा. तेलगावच्या आसपासच्या गावांची मिळून तोडकऱ्यांची एक संघटना ते त्या वर्षी उभी करत होते, आणि तिचे नियम नवनाथनं लिहिले होते.

शिवकन्या पंचविशीची. तिचा नवरा बजरंग तीन वर्षांमागं उसाची गाडी उलटून गेला. तेव्हापासून ती माहेरी राहत होती आणि दर हंगामात भावकीच्या टोळीबरोबर एकटी तोडीला जात होती. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. गडी असो की बाई, एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता. शिवकन्या अर्धा कोयता होती.

*

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं वडाखाली सभा भरली. गडी पुढं, बाया मागं. नवनाथनं नियम वाचायला घेतले. "एका कोयत्याला एक मत. मतदान हात वर करून."

अशा संघटना जिल्ह्यात जागोजागी उभ्या राहत होत्या, आणि या एका ओळीवरून त्या वर्षी रान पेटलं होतं. इथले सत्तेतले लोक म्हणत, कोयत्याला एकच मत पाहिजे. विरोधातले म्हणत, बाईला वेगळं मत द्या. तिकडं कडा गावाच्या बाजूला त्याच दोन पक्षांची माणसं नेमकी उलट बोलत होती. जिथं जो नियम सोयीचा, तिथं तो न्यायाचा. फक्त आश्रुबा सगळीकडं एकच बोलत, आणि मनापासून बोलत.

मागून एक आवाज आला. "अर्ध्या कोयत्याचं काय?"

आश्रुबांनी मान उंच करून पाहिलं. "अर्ध्याला मत न्हाई, पोरी. धंद्याचं मापच तसं हाय."

"मंग वाचणाऱ्याचं लगीन झालंय का?"

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग केसरबाई म्हणून एक धिप्पाड बाई होती, तिला आधी हसू फुटलं, आणि बघता बघता सगळ्या बाया पदराआड हसू लागल्या. ज्यानं नियम लिहिला, तोच नियमानं अर्धा निघाला होता. नवनाथचे कान लाल झाले. त्यानं कागद खाली केला आणि सरळ तिच्याकडं पाहिलं... तेवढ्या माणसांत, सगळ्यांसमोर. शिवकन्येनं नजर खाली घातली नाही. घालायला हवी होती, असं तिला घरी गेल्यावर वाटलं.

*

नवरात्रात तो तिच्या वस्तीवर दोनदा आला. निमित्त संघटनेचं. पहिल्यांदा तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. दुसऱ्यांदा चहा. त्यात साखर नव्हती.

"चहा अगोड हाय," तो म्हणाला.

"अर्ध्या माणसाला अर्धाच चहा."

"लई दिवस पुरवणार तुमी ते."

"नियम बदला. मंग साखर टाकते."

खांडेनवमीला सगळ्या घरांत कोयते धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडले होते. ऊन उतरल्यावर ती रानातून येत होती. कापसाची पहिली बोंडं उमलली होती, बांधावरची तरवड पिवळ्या फुलांनी लगडली होती. तो बांधावरच बसला होता. तिला बघून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"काय झालं? मुंग्या हायत का तिथं?" तिनं विचारलं.

"न्हाई... एक इचारायचं होतं." त्यानं तरवडाचं फूल तोडलं आणि चुरगाळून टाकलं. "तू अर्धी, मी अर्धा. आपुन दोघं... एक कोयता झालो तर?"

पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला होता. हो म्हणावं, असं ओठांवर आलं होतं.

"आन् मत?" ती म्हणाली.

"मत... दोघांचं मिळून."

"हात कुणाचा वर व्हणार?"

त्यानं पायानं एक ढेकूळ फोडलं. कापसावरून वारा गेला.

"बजरंग गेले त्या दिवशी मी उसाच्या फडातच होते," शिवकन्या सावकाश सांगू लागली. "माझा कोयता माझ्या हातात होता. मुकादम आला आन् सासऱ्याला म्हणला, एक कोयता कमी झाला. मी तिथंच उभी होते हो. कुणी म्हणलं न्हाई की अर्धा ऱ्हायलाय. पुढं काय करायचं ते सगळं सासऱ्याला इचारलं. मला कुणी कायबी इचारलं न्हाई." तिनं पदराच्या टोकानं ओठ पुसले. "तुमी मला आवडता. लोहाराच्या पालापासून आवडता. पण पुन्हा कुणाच्या मापात बुडून जायचं न्हाई मला."

"नियम बदलला तर?"

"मंग इचारा."

"आबा माझं तोंड बघायचे न्हाईत."

"ते मला कळतंय. तुमी बोललंच पाहिजे, असं न्हाई. पण बोलला न्हाई, तर हिकडं येऊ नका."

ती चालू लागली. थोडं पुढं जाऊन मागं वळेल, असं त्याला वाटलं असेल. ती वळली नाही. वळली असती तर तिचे डोळे त्याला दिसले असते.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वडाखाली सगळे जमले. आज नियमांवर निकाल लागायचा होता. नवनाथ उभा राहिला. कागद त्यानं उघडलाच नाही.

"मी लिवलेला नियम मी मागं घेतो. ज्याच्या हातात कोयता हाय, त्याला मत. बाई असू द्या न्हाईतर गडी, जोडी असू द्या न्हाईतर एकटा. आन् हात वर करून न्हाई, चिठ्ठी टाकून."

आश्रुबा उठले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खालीच आला. "फडात आपली ताकद कशात हाय? जोडीत. आज नवरा-बायकोची मतं वेगळी केली, तर उद्या मुकादम त्यांना वेगळं इकत घेईल. मालकाला फूट पाहिजेच हाय. ती तुमी त्याच्या हातात देताय." ते मुलाकडं वळले. "आन् ती बी माझ्या घरातून."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती.

जुन्या नियमाच्या बाजूनं असतील त्यांनी उठून वडाच्या उजव्या अंगाला बसायचं, बाकीच्यांनी जागेवर राहायचं, आणि कोयते मोजायचे, असं ठरलं. म्हणजे बाईला मत असावं का, हेही कोयत्यानंच ठरायचं होतं. गडी उठू लागले. मागून बायका पदर सावरत उठल्या, जशा दरसाल गाडीत चढायला उठतात तशा. शिवकन्या कोपऱ्यात बसली होती. तिला मोजणारच नव्हते. उजवं अंग भरत चाललं तशी तिनं मुठीत धरलेली माती हळूहळू सोडून दिली.

आश्रुबा उजवीकडं जाऊन बसले. शेजारची जागा मोकळीच राहिली. त्यांनी मागं पाहिलं.

भामाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. आश्रुबांची बायको, नवनाथची आई, लग्न झालं तेव्हापासून त्यांच्या मागं मोळ्या बांधत आलेली. सभेत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"अगं, ऊठ की," आश्रुबा म्हणाले. "गुडघा धरलाय का?"

"गुडघा चांगला हाय."

"मंग ये ना. आपला कोयता हिकडं हाय."

"तुमचा अर्धा हाय तिकडं," भामाबाई म्हणाल्या. "माझा हितं बसलाय."

त्यांनी हे चुलीपाशी बसून बोलावं तसं म्हटलं. उजवीकडून केसरबाई उठली आणि नवऱ्याकडं न बघता परत जागेवर येऊन बसली. मग तिच्यामागची एक. मग पलीकडची. काहींच्या नवऱ्यांनी पदर ओढला, काहींचे नवरे बायकोच्या मागं उठून आले. मोजायला नेमलेला माणूस मधोमध उभा होता.

"एक कोयता दोन्हीकडं बसलाय," तो म्हणाला. "ह्यो कसा मोजू, आबा?"

आश्रुबा कितीतरी वेळ बायकोकडं बघत राहिले. जणू ती त्यांना नव्यानंच दिसली होती. मग त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"दोन मोज," ते म्हणाले.

आणि मोजणी संपायच्या आत उठून एकटेच घराकडं गेले.

*

नव्या नियमाप्रमाणं दोन दिवसांनी तेलाच्या डब्याला फट पाडून चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. सचिवपदाला नवनाथ आणि केसरबाई उभे होते. थोडक्यात केसरबाई निवडून आली.

सांजेला तो वस्तीवर आला. शिवकन्येनं चहा पुढं केला. चहा गोड होता.

"हरलो," तो म्हणाला.

"कळलं."

"आता इचारू का?"

"इचारा की."

"येशील का माझ्या घरी?"

"येईन," ती म्हणाली. मान खाली होती, पण आवाज स्वच्छ होता.

त्यानं चहा संपवला, कप खाली ठेवला. मग त्यानं हळूच विचारलं, "मत कुणाला दिलंस?"

"चिठ्ठी गुपित असती. नियम तुमीच केलाय."

*

हंगाम संपल्यावर चैत्रात त्यांचं लग्न झालं. आश्रुबा आले नाहीत. भामाबाई आल्या आणि त्यांनी सुनेच्या कोयत्याला स्वतःच्या लुगड्याची नवी पट्टी गुंडाळून दिली. वर्षभरानं नात झाली, तेव्हा आश्रुबा तिला बघायला आले आणि मग राहिलेच. मुलाशी ते आजही मोजकंच बोलतात. मतदानाला मात्र भामाबाईंच्या आधी रांगेत उभे असतात, आणि घरी आल्यावर बायकोला काही विचारत नाहीत. केसरबाई अजून सचिव आहे. मुकादम तिला बघून वाट बदलतात. कड्याकडचा वाद मिटलेला नाही. आणि मुकादमाच्या बोलण्यात नवनाथ-शिवकन्या अजूनही एकच कोयता आहेत. ते माप कधी बदलेल, सांगता येत नाही.

दर हंगामात, थंडीत, धुकं उसाच्या शेंड्यांवरून उठत असताना नवनाथ हातातलं काम थांबवून एकदा तरी विचारतो, "आता तरी सांग. त्या साली कुणाला दिलं होतंस?"

शिवकन्या मोळीला गाठ मारते, ती त्याच्या डोक्यावर नीट बसवते आणि म्हणते,

"चला, गाडी भरायचीय."