पंचेचाळीस फेऱ्या

"माझा आवाज माझ्या मामासारखा येतोय!"

तबकड्या कापून देणाऱ्या त्या जागी बाहेर कुणीच नव्हतं, म्हणून मी थेट आतल्या खोलीत शिरले. यंत्रावर वाकलेल्या तरुणाने मान वर केली. माझ्या गाण्यांची नमुना तबकडी त्यानेच कापली होती.

"मामा गातात का?"

"घोरतात."

त्याने ओठ घट्ट दाबले... हसू मात्र डोळ्यांतून सांडलंच. तबकडी लावून त्याने बाजूची कळ सरकवली. सुई टेकली — आणि माझाच आवाज आला. स्वच्छ, श्वासासकट.

"मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर कापलीय. तुम्ही तेहतीसवर लावलीत. चारच गाणी, जागा भरपूर. वेगाने फिरली की बारकावे छान उमटतात."

चारच! तेच तर माझं दुखणं होतं.

"आत्या म्हणते, हे काय अर्धवट? अल्बमच हवा. आणखी पाच आणलीत, तीही घाला."

पाचही गाणी त्याने मन लावून ऐकली. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. मघाशी तबकडीवरच्या गाण्याला ठेका धरणारी ती बोटं आता गप्प होती.

"ही तुम्हाला आवडतात?"

"...नाही."

"मग कशाला? एकच गाणं असेल तर सिंगल. चार-पाच असतील, एका जिवाची, तर ईपी. त्यात कमीपणा काही नाही. अल्बमला मात्र खूप सांगायचं असावं लागतं. तसं वाटेल तेव्हा या."

"तोवर येऊच नको?"

त्याचे कान लाल झाले.

मी येत राहिले. कधी गाण्यांचा क्रम ठरवायला, कधी दोन गाण्यांमधली शांतता मोजायला — कधी उगाच. "तुम्ही"चं "तू" झालं. आत्याला मीच ठणकावून सांगितलं, चारच! नावडती गाणी आपली म्हणून मिरवण्यापासून त्याने मला वाचवलं होतं. त्याचे आभार मानायचे राहिलेच होते.

शेवटच्या कापणीच्या दिवशी तो म्हणाला, "गाणी संपली की मध्याशी कोरं कडं उरतं. दोनेक शब्द मावतात. काय कोरू?"

"तुझ्यामुळे."

त्याच्या हातातलं टोकदार हत्यार थांबलं. "कुणासाठी हे?"

"सगळ्यात आधी जो वाचेल त्याच्यासाठी."

"सगळ्यात आधी तर मीच..."

"हो ना."

तो पुन्हा तबकडीवर वाकला. जपून कोरत राहिला. मग दुसरी बाजू घेतली आणि मला न विचारताच तिथेही काहीतरी कोरलं.

मी तबकडी उजेडात तिरकी धरली आणि वाचलं.

"आता अल्बम."

खरंच, मला खूप सांगायचं होतं.